दुसरा धक्का

दाराशी चपलांच्या ओळीत नवे बूट दिसले आणि कडीमास्तर उंबऱ्यातच थांबले.

बूट काळे, जाड तळव्याचे, पुढे पोलादी टोपी बसवलेले. असेच बूट त्यांनी सगळी नोकरी झिजवले होते. पण हे त्यांच्या मापाचे नव्हते. लहान होते.

“हे कुणाचे?” आत येत त्यांनी विचारलं.

बायको भांडी घासत होती. तिने नळही बंद केला नाही. “लेकीला विचारा तुमच्या.”

धाकटी लेक खिडकीत बसून नखं कापत होती. घरात तिला सगळे बारकी म्हणत. “माझे आहेत,” ती म्हणाली. “रेल्वेच्या यार्डात लागले मी.”

“ऑफिसात?”

“ऑफिसात पोलादी बूट घालून कोण बसतं, बाबा? डबे जोडायला. तुमच्याच जागी म्हणा ना.”

कडीमास्तर पलंगावर बसले. पेढे आणा, शाबास पोरी, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. शेवटी म्हणाले, “बूट एक नंबर मोठे घ्यायचे असतात. जाड मोजे घालावे लागतात.”

“मोठेच घेतलेत,” बारकी म्हणाली.

डबे जोडणं म्हणजे काय, ते न पाहिलेल्याला सांगायला हवं. रुळावर काही डबे उभे असतात. इंजिन दुसरे डबे ढकलत आणतं. डब्याच्या टोकांना दोन बाजूंना लोखंडी थाळ्या असतात, त्यांना बफर म्हणतात. त्यांच्या मागे स्प्रिंगा असतात. बफर बफरवर आदळतात आणि मधल्या जागेत एक माणूस वाकून शिरतो. एका डब्याची जड कडी उचलतो, दुसऱ्या डब्याच्या आकड्यात घालतो आणि बाहेर येतो. एवढंच काम. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे. कडी उचलून बघा म्हणावं, थंडीत, ग्रीस लागलेल्या हातांनी, कमरेत वाकून, दिवसभर.

कडीमास्तरांनी ते केलं आणि धड अंगाने घरी आले. पण अंगात एक खोड मुरली. दोन वस्तूंच्या मध्ये ते उभे राहत नसत. रस्त्यात दोन गाड्या उभ्या असल्या तर मधून न जाता वळसा घालत. घरात कपाट आणि पलंग यांच्यामधल्या बोळातून जायचं झालं तर आधी कपाटाला हात लावून बघत. बायको म्हणायची, “कपाट पळून नाही जात हो.” ते म्हणायचे, “पळून गेलं तर चालेल. परत येऊ नये.”

हे शहाणपण कुठून आलं, ते त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. कामावरचा जोडीदार यार्डातच वारला, एवढंच घराला माहीत. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण त्याच्या तोंडात कायम कसली तरी धून असायची. तो कसा गेला, हे सांगायची वेळ आली की कडीमास्तर विषय बदलायचे. यार्डात नवी माणसं हाताखाली यायची तेव्हाही ते तोंडाने शिकवत नसत. नव्या माणसाची मागून कॉलर धरत. पोरगा आत घुसायला गेला की ओढून ठेवत, आणि वेळ झाली की सोडत. मास्तर हे नाव त्यावरून पडलं.

आता प्रश्न एवढाच होता, बारकीची कॉलर कोण धरणार?

तिचं शिक्षण आधी वर्गात होतं. ते संपलं की यार्डात पहिली पाळी. तेवढीच मुदत. रोज ती वही घेऊन जायची, रोज ते सांगायचं ठरवायचे आणि रोज “जेवलीस का?” एवढंच विचारायचे. भीती एखाद्या भाडेकरूसारखी घरात राहायला आली होती. सकाळी त्यांच्याआधी उठायची.

एका दुपारी त्यांनी कपाटावरचा खोका खाली काढला. निवृत्तीच्या दिवशी यार्डातल्या मंडळींनी दिलेली भेट. आत खेळण्यातली आगगाडी, अगदी तयार. एक इंजिन, वीतभर लांबीचे चार मालडबे, जोडायचे रूळ, आणि वेग कमीजास्त करायची बटणाची डबी. तेव्हा ते म्हणाले होते, “जन्मभर खरे जोडले, आता हे जोडू?” आणि खोका न उघडता वर टाकला होता.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर सरळ रूळ मांडले. एका टोकाला लाकडाचा ठोकळा पक्का बसवला, यार्डात रूळ संपतो तिथे असतो तसा. ठोकळ्याच्या थोडा अलीकडे एक डबा उभा केला. इंजिनाने दुसरा डबा ढकलत आणला.

टिक् असा आवाज झाला. दोन्ही डब्यांच्या टोकाला प्लास्टिकचे पंजे होते, ते आपोआप एकमेकांत अडकले.

कडीमास्तर बघत राहिले. माणूसच लागला नाही. कुणी वाकलं नाही, कुणी आत शिरलं नाही. काय साधी गोष्ट! या गाडीत मरायला जागाच नव्हती. ही गाडी धादांत खोटं बोलत होती.

त्यांनी पकड आणली आणि पंजे कापून टाकले.

“अहो!” बायको म्हणाली. “चांगली गाडी मोडली की!”

“मोडत नाहीये. खरी करतोय.”

बोलून दाखवता येत नव्हतं ते हाताने दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शिट्टी गेला त्या दिवशी जे झालं तेच टेबलावर व्हायला हवं. गाडीने ते स्वतः करून दाखवायला हवं. त्याशिवाय पोरीला पटणार नाही.

कडी आणि आकडा झाला. जुन्या मोटारीची तांब्याची तार खिळ्याभोवती वळवून त्यांनी कड्या केल्या. डोळ्यावर भिंग, हातात चिमटा. हात थरथरत, म्हणून कोपर टेबलाला टेकवून श्वास धरायचा, एक कडी वळवायची, श्वास सोडायचा. निम्म्या कड्या जमिनीवर उडाल्या. बायकोने केर काढताना त्या गोळा करून वाटीत ठेवल्या आणि म्हणाली, “घ्या तुमचे दागिने.”

बफर अवघड निघाले. खोक्यातल्या डब्यांचे बफर एकसंध प्लास्टिकचे, मुके. ते कापून, तिथे बारीक भोकं पाडून, चपट्या डोक्याचे पितळी खिळे बसवायचे होते, मागे स्प्रिंग घालून. पेनातली स्प्रिंग घातली तर डबाच हलका पडला, स्प्रिंग दबेना. ते कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेले.

घड्याळवाल्याने डोळ्यावरची नळी न काढताच विचारलं, “कडीमास्तर, या वयात खेळणं?”

“खेळणं नाही. मला केसाएवढी स्प्रिंग पाहिजे.”

“पट्ट्याच्या काडीत असते.” घड्याळवाल्याने घड्याळाचा पट्टा अडकवायची एक काडी चिरली आणि आतून स्प्रिंग काढून तळहातावर ठेवली. “फुंकर मारू नका, दिवसभर शोधत बसाल. पण करताय काय?”

कडीमास्तरांनी सांगितलं नाही. जुन्या पट्ट्यांच्या काड्या मूठभर मागून आणल्या.

स्प्रिंगा बसल्या. डबा ढकलला. बफर दबले, सुटले, आणि उभा डबा बोटभर सरकून थांबला. ठोकळ्यापर्यंत पोचलाच नाही. कडीमास्तरांनी कपाळाला हात लावला. खरा डबा असा थांबत नाही. त्याला वजन असतं आणि त्याची चाकं लोण्यासारखी फिरतात. इथे चाकं प्लास्टिकची, रुळावर घासणारी.

वजन सोपं. टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणले आणि डब्यांच्या तळाशी चिकटवले. चाकांसाठी ते जुन्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेले. त्याने आस आणि चाकं एकाच लोखंडातून कातून दिली, टोकं सुईसारखी. काम बघून कडीमास्तरांना बरं वाटलं. खऱ्या डब्याची चाकंसुद्धा आसाशी एकजीवच असतात. त्यांनी डबे रुळावर ठेवले, बटण फिरवलं.

इंजिन जागचं हललं नाही. डबी गुरगुरली, तापली, जळका वास आला. त्यांनी झटकन वायर उपटली. मग डब्यांच्या मध्ये वाकून बघितलं, जणू खरंच कुणी सापडलं होतं.

घड्याळवाल्याने चाकं हातात घेतली आणि हसू दाबत म्हणाला, “मास्तर, तुमच्या यार्डात रुळातून वीज खेळते का?”

“नाही.”

“इथे खेळते. एका रुळातून जाते, दुसऱ्यातून येते. तुम्ही दोघांच्या मध्ये अख्खं लोखंड घातलंत.”

“चाक आणि आस एकच असतात,” कडीमास्तर हट्टाने म्हणाले. “मी जन्मभर बघितलंय.”

“जन्मभर मोठं बघितलंत, म्हणून लहान चुकलं.”

मग पुन्हा लेथवाला. प्रत्येक आसाचं एक चाक कापून वेगळं केलं, मध्ये नायलॉनची बारीक गुंडी घालून परत बसवलं. सगळं दोनदा. पण कामात चूक झाली की काम दोनदा करायचं असतं, त्याला दुसरा इलाज नाही.

बारकी येता-जाता बघायची. “बाबा, यार्ड तुम्ही टेबलावरच आणलंत. आम्ही जेवायचं कुठे?”

“मांडीवर ताट घे.”

“मला मदत करू द्या तरी.”

“नको.” ते इतक्या जोरात म्हणाले की ती दचकली. तिचं बोट डब्यांच्या मध्ये होतं.

पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या उजेडात, त्यांनी तिला टेबलापाशी बसवलं. बायकोही ओलं फडकं हातात घेऊन आली. कडीमास्तरांनी काडेपेटीतली एक काडी काढली. अर्धी मोडली होती, करंगळीच्या पेराएवढी. तिच्या अंगाला त्यांनी केशरी रंग दिला होता, यार्डातल्या बंडीसारखा. ओल्या मातीच्या गोळीत उभी केली.

“हा माणूस,” ते म्हणाले.

“काडीपैलवान,” बारकी म्हणाली.

ते हसले नाहीत. त्यांनी बटण फिरवलं. इंजिनाने डबे ढकलत आणले. खट्ट. बफर दबले, सुटले. उभा डबा मागे गेला आणि मध्ये जागा पडली, ऐसपैस. सगळं शांत.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता थांबली. आत जायचं, कडी घालायची.”

त्यांनी चिमट्याने काडीचा माणूस मधल्या जागेत ठेवला. हात मागे घेतात न घेतात तोच मागे गेलेला डबा ठोकळ्यावर आपटला, तिथून उलटला आणि त्याच चालीने परत आला. खट्ट. काडी दोन बफरांमध्ये अडकली. वाकली. मोडली.

आवाज अगदी बारीक होता. बायकोच्या हातातलं फडकं पडलं.

“दुसरा धक्का,” कडीमास्तर म्हणाले.

बारकीने मोडकी काडी उचलून बघितली. मग म्हणाली, “पण आम्हाला शिकवलंय, बाबा. उभ्या डब्याच्या चाकाखाली आधी पाचर लावायची. मग तो जातच नाही मागे.” तिने दुसरी काडी मोडली, टोक तिरकं कापलं आणि डब्याच्या चाकामागे ठेवलं. “आता करा.”

“तूच कर.”

तिने बटण हातात घेतलं. हळू आणलं. खट्ट. डबा पाचरीवर अडला, हलला नाही. ती विजयाने बघायला लागली.

“घाईत असलेला ड्रायव्हर इतका हळू नाही आणत,” ते म्हणाले. “आण जरा जोरात.” आणि त्यांनी नवीन काडी रंगाशिवायच मध्ये धरली.

तिने जोरात आणलं. पाचर उडाली, टेबलावरून खाली गेली. डबा मागे गेला, ठोकळ्यावर आपटला, परत आला. चिमट्यातली काडी मोडली आणि टोक बारकीच्या मनगटावर उडालं.

चटका बसावा तसं तिने बटण सोडलं. तिच्याच हाताने झालं होतं.

मग कडीमास्तरांनी सांगितलं. शिट्टीला दुसरा धक्का माहीत नव्हता असं नाही. त्याला सगळं माहीत होतं. त्या दिवशी तो पहिल्या धक्क्यानंतर बाहेर थांबला, थांबायला हवं तसाच. पण वरून ड्रायव्हर ओरडला, “काय रे, नवरी नटतेय का?” दोन-चार जण हसले. शिट्टीचे कान लाल झाले. आणि तो आत गेला. धून तोंडातच होती.

“माझा हात एवढा लांब होता,” ते म्हणाले आणि हात पुढे करून दाखवला. “कॉलरपर्यंत पोचला नाही.”

बारकीचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. ते बघून कडीमास्तरांना नवीनच भीती वाटली, पहिलीपेक्षा मोठी. थरथरणारा हात कडी सोडतो. भ्यालेला पाय घसरतो. हे काय करून बसलो आपण? उद्या सकाळी पोरीची पहिली पाळी आणि आपण तिच्या पोटात दगड भरला.

बायको फडकं उचलत म्हणाली, “भीती दिलीत ना लेकीला? आता ती वापरायची कशी, तेही सांगा. नुसती देऊन कसं चालेल?”

त्यांनी विचार केला. “भीती वाटली तर बाहेर थांबायचं,” ते सावकाश म्हणाले. “तिला तेवढंच काम द्यायचं. आत न्यायची नाही. दुसरा धक्का येऊन गेला, डबा मेल्यासारखा पडला, ड्रायव्हरने तुला बघून हात वर केला, की भीतीला बाहेर ठेव आणि आत जा.”

“आणि मला हसले तर?” बारकीने विचारलं. “हसणारच. पोरगी आहे म्हणून जास्तच हसतील.”

हाच खरा प्रश्न होता. स्प्रिंग, शिसं, चाकं, सगळं करून झालं, पण टोमणा गाडीला बसवता आला नव्हता.

“ऊठ,” ते म्हणाले. त्यांनी डबा पुन्हा उभा केला, तिच्या हातात चिमटा दिला, चिमट्यात कडी. “मी ड्रायव्हर. आई यार्डातली माणसं. तू थांबायचं.”

खट्ट. जागा पडली.

“काय गं, मुहूर्त काढतेस का?” कडीमास्तर ओरडले.

बारकीचा हात पुढे गेला. खट्ट. चिमट्याला धक्का बसला, कडी उडाली.

“मेलीस,” ते म्हणाले. तोंडातून शब्द गेला आणि त्यांनी कडी उचलून पुन्हा तिच्या चिमट्यात दिली. “परत.”

खट्ट.

“नवरी नटतेय का?”

हात हलला, पण मागे आला.

“अगं बाई, बूट घालून आली आणि उभी राहिली बाहुलीसारखी!” बायको म्हणाली. यार्डात पाऊल न टाकलेल्या बाईला इतके टोमणे कुठून सुचत होते कोण जाणे. “घरी जा, भांडी घास! हिच्यापेक्षा माझी सासू चपळ होती!”

“आई!”

“आई नाही मी, यार्ड आहे. थांब म्हटलंय ना तुला?”

खट्ट. दुसरा धक्का आला. डबा थांबला. कडीमास्तरांनी बटणावरचा हात उचलून वर केला. मगच चिमटा आत गेला, कडी आकड्यात पडली, चिमटा बाहेर आला.

“परत,” ते म्हणाले.

उजेड जाईपर्यंत ते करत राहिले. बायकोचे टोमणे संपले तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी शेवटी बारकीचा हात टोमण्याला हलेनासा झाला. थरथर मात्र थांबली नव्हती. कडीमास्तरांनी ती बघितली. थोडी असू दे.

सकाळी ती बूट घालून गेली. जाड मोजे घातले होते.

यार्ड घरापासून लांब नव्हतं. वारा तिकडून असला की आवाज यायचे. कडीमास्तर खिडकीत बसले. धाड. लांबून आलेला पहिला धक्का. त्यांनी श्वास धरला. बराच वेळ काही नाही. मग बारीक, धड. दुसरा. मग पुन्हा काही नाही. मग इंजिनाचा छोटा भोंगा, म्हणजे कडी पडली, माणूस बाहेर आला. त्यांनी श्वास सोडला.

हे दिवसभर चाललं. एकदा पहिला धक्का आला आणि दुसरा आलाच नाही. कडीमास्तर उठून उभे राहिले. कपाट आणि पलंग यांच्या मधून धावत दारापर्यंत गेले, हात लावायचं विसरून. एक पाय चपलेत घातला तेव्हा भोंगा वाजला.

“पाचर टिकली असेल,” बायको मागून म्हणाली. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. “बसा.”

संध्याकाळी बूट जिन्यावर वाजले. बारकी आत आली. केसांत ग्रीस, गालावर ग्रीस, तळहात सोललेले. टेबलापाशी खुर्ची ओढून धप्पकन बसली. गाडी तशीच मांडलेली होती.

कडीमास्तरांनी तिचे दोन्ही हात धरले, उलटे केले, सुलटे केले. बोटं मोजल्यासारखी बघितली.

“ओरडले?” त्यांनी विचारलं.

“ओरडले. तेच. नवरी नटतेय का.” ती थकून हसली. “पण आईएवढं नाही जमत त्यांना.”

“आणि?”

“आणि पाय थरथरत होते, बाबा. खूप. मी तिथेच उभी राहिले.”

“दुसरा आला?”

“आला.”

“मग?”

“मग गेले आत.”

त्यांनी मान हलवली. हात सोडले नाहीत. बायकोने पाणी तापायला ठेवलं आणि टेबलावर ताटं मांडायला जागा करायची म्हणून इंजिन उचलायला गेली.

“राहू दे,” कडीमास्तर म्हणाले. “उद्या पण पाळी आहे तिची. मांडीवर जेवू.”